स्वतःला समजून घेणं म्हणजे स्वतःचे लाड नव्हेत

"स्वतःची कीव केलीस की संपलीस. मनाला चाबूकच लागतो." हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि दुःखातल्या माणसालाही तेच ऐकवतो. हे खरं नाही.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी हेच तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांनी विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची अवघड परीक्षा दिली. मग काहींना सांगितलं, 'ही अनेकांना जड जाते, स्वतःला बोल लावू नका.' पुढच्या परीक्षेआधी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास याच मुलांनी केला. मला यात नवल वाटत नाही. मार बसणार हे ठाऊक असलेलं मन चूक लपवतं, सुधारत नाही.

टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडलेल्या आत्मकरुणेत लाड नाहीतच. दुःख न दाबता, न फुगवता पाहायचं, ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे ओळखायचं आणि स्वतःशी मायेनं वागायचं.

बाबांचा शेवटचा फोन मी उचलला नव्हता. कामात होते. वर्षभर रात्री-अपरात्री उठून तो मिस्ड कॉल बघायचे आणि स्वतःला वाट्टेल ते बोलायचे. एकदा मावशीनं विचारलं, "मैत्रिणीचं असं झालं असतं, तर तिला हेच बोलली असतीस का गं?"

त्या रात्री छातीवर हात ठेवून म्हटलं, "तुला माहीत नव्हतं गं." खूप रडले. दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. बाबांबद्दल आम्ही पहिल्यांदाच बोललो.