३३ टक्के की ७९? कॉन्कॉर्डन्स आणि हेरिटॅबिलिटीचा घोळ

डेन्मार्कमध्ये जुळ्यांचं रजिस्टर १९५४ पासून आहे, त्याच्यावरून २०१८ मध्ये स्किझोफ्रेनियाचा एक स्टडी आला आणि त्यात एकाच आजाराचे दोन आकडे आहेत, ३३ टक्के आणि ७९ टक्के. वाचणाऱ्याला वाटतं यातला एक चुकलाय. चुकलेला कुठलाच नाही, प्रश्नच वेगवेगळे आहेत.

३३ हा कॉन्कॉर्डन्स. एकबीज जुळ्यांतल्या (एकाच बीजापासून झालेले, जीन्स जवळपास सारखेच) एकाला आजार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण. द्विबीज जुळ्यांत (दोन बीजांपासून झालेले, साध्या भावंडांसारखे साधारण निम्मे जीन्स सारखे) तेच ७ आलं. आता हे सरळ मोजायचं काम वाटतं, पण इथेही गंमत आहे. समजा ४० जोड्या आहेत, १० जोड्यांत दोघंही आजारी, ३० मध्ये एकच. जोड्या मोजल्या (पेअरवाइज) तर ४० पैकी १०, म्हणजे २५ टक्के. आजारी माणसं मोजली (प्रोबँडवाइज) तर ५० पैकी २० जणांचं भावंडही आजारी, म्हणजे ४० टक्के! डेटा तोच. म्हणून आकडा पेअरवाइज आहे की प्रोबँडवाइज ते आधी बघायचं (डेन्मार्कचा प्रोबँडवाइज आहे).

७९ ही हेरिटॅबिलिटी, ती मोजता येत नाही, मॉडेलमधून काढावी लागते. धरून चालायचं की प्रत्येकात आजाराकडे झुकणारा एक न दिसणारा कल असतो, कुणात कमी कुणात जास्त, बेल कर्व्हसारखा पसरलेला, आणि एक रेषा ओलांडली की आजार. लोकांलोकांत या कलाचा जो फरक दिसतो त्यातला जीन्सचा वाटा किती, तर ७९ टक्के. पण रेषा इतकी टोकाला आहे की शंभरात एखादाच पलीकडे जातो, त्यामुळे दोघा जुळ्यांचा कल बराच सारखा असला तरी एक जण अलीकडेच राहतो.

गोवरात बरोबर उलटं. लस नसताना घरात गोवर शिरला की जुळी एकबीज असोत की द्विबीज, दोघांनाही व्हायचा, म्हणजे कॉन्कॉर्डन्स भरपूर पण दोन प्रकारच्या जुळ्यांत फरकच नाही, मग हेरिटॅबिलिटी कुठून येणार?

जुळ्यांवरून हेरिटॅबिलिटी काढायचा फॅल्कनरचा फॉर्म्युला एकबीज आणि द्विबीज जुळ्यांतल्या या फरकाची दुप्पट करतो, म्हणून काही जण थेट ३३ वजा ७, गुणिले २, आलं ५२ असं करून मोकळे होतात. तिथे कॉन्कॉर्डन्स नाही, त्या कलाचं कोरिलेशन (दोघा जुळ्यांचा कल एकमेकांशी किती जुळतो तो आकडा) टाकायचं असतं.

आणि एखाद्या जुळ्याने विचारलं, भावाला आहे, मला होईल का, तर उत्तर ३३ च्या आसपास शोधायचं. ७९ हा कुणा एकाबद्दलचा आकडाच नाही.