वाहिनीची तक्रार वाहिन्यांच्याच दारात

चर्चेच्या नावाखाली एखाद्या वृत्तवाहिनीने एकाच बाजूची वकिली केली, तर प्रेक्षकाने दाद मागायची कुठे? वर्तमानपत्रांसाठी कायद्याने स्थापन झालेली प्रेस कौन्सिल आहे. खासगी वाहिन्यांच्या बातम्यांसाठी तसे काही नाही. जी व्यवस्था आहे, ती वाहिन्यांनीच उभारलेली. तक्रारदारांच्या वैतागाचे मूळ तिथेच आहे.

ऑगस्ट २००७मध्ये एका वाहिनीने बनावट स्टिंग ऑपरेशन दाखवून दिल्लीतल्या एका शिक्षिकेला आयुष्यातून उठवले. जमावाने तिला मारहाण केली. आरोप खोटे असल्याचे नंतर उघड झाले. सरकारने त्या वाहिनीचे प्रक्षेपण महिनाभर बंद ठेवले. प्रसारणावर नियंत्रण आणणाऱ्या विधेयकाचीही तेव्हा चर्चा होती. सरकारी अंकुश नको असलेल्या वाहिन्यांच्या संघटनेने मग स्वतःची आचारसंहिता केली आणि २००८मध्ये माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण प्राधिकरण नेमले. हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. वर्मांसारखा माणूस नावापुरता बसणारा नव्हता.

पण पहिल्याच मोठ्या प्रकरणात उणीव उघडी पडली. मुंबईवरील २६/११च्या हल्ल्यानंतर इंडिया टीव्हीने एका अमेरिकी विश्लेषक महिलेच्या, दुसऱ्याच वृत्तसंस्थेला दिलेल्या मुलाखतीवर हिंदी आवाज चढवून ती दाखवली. तिने तक्रार केली. २००९मध्ये प्राधिकरणाने एक लाख रुपये दंड केला, तर वाहिनी संघटनेतूनच बाहेर पडली. पुढे ती परतली, पण निकाल आवडला नाही तर उठून जाता येते, हे सगळ्यांना कळले. २०१९मध्ये तर वाहिन्यांची दुसरी संघटनाच निघाली. त्यामुळे तक्रारदाराने आधी शोधायचे, ही वाहिनी कोणाची सदस्य!

प्रत्यक्ष तक्रार करून पाहा. कार्यक्रम दाखवल्यापासून सात दिवसांत ती आधी त्याच वाहिनीकडे पाठवावी लागते. तारीख, वेळ, अँकरचे नेमके शब्द, पडद्याखालून सरकणाऱ्या पट्ट्या, सगळे टिपून. उत्तराने समाधान झाले नाही, तरच प्राधिकरण. पक्षपात अनेकदा एका वाक्यात नसतोच. कोणाला बोलू दिले, कोणाचा आवाज बंद केला, पट्टीवर प्रश्नचिन्ह टाकून कोणाला गुन्हेगार ठरवले, यांत तो असतो. हे कागदावर सिद्ध करणे सामान्य प्रेक्षकाला फार जड जाते.

त्यात वेळ. मार्च २०१६मध्ये झी न्यूजने शास्त्रज्ञ-कवी गौहर रझा यांनी मुशायऱ्यात वाचलेल्या कवितेवरून त्यांना ‘अफझल प्रेमी गँग’मध्ये, म्हणजे संसद हल्ल्यासाठी फाशी झालेल्या अफझल गुरूच्या चाहत्यांत, बसवले. माफी मागण्याचा आणि एक लाखाच्या दंडाचा आदेश आला ऑगस्ट २०१७मध्ये. दीड वर्ष तो शिक्का त्यांच्यावर राहिला. वाहिनीच्या दृष्टीने ती केव्हाच शिळी झालेली बातमी होती.

सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये कठोर ताशेरे ओढले आणि या स्वनियमनाला कायद्याचे बळ नसल्याचे स्पष्ट म्हटले. वाहिन्यांची पहिली संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. दरम्यान केंद्राने जून २०२१मध्ये नियम बदलून त्रिस्तरीय रचना आणली: आधी वाहिनी, मग वाहिन्यांची स्वनियामक संस्था, शेवटी सरकारची देखरेख. यात मला खरा धोका दिसतो. सरकारवर टीका करणाऱ्या वाहिनीचा निवाडा सरकारच्याच हाती गेला, तर पक्षपाताची तक्रार हे दडपणाचे हत्यार होईल. हवी आहे ती वाहिन्यांपासून आणि सरकारपासूनही स्वतंत्र, कायद्याने उभी केलेली संस्था.

संघटनेच्या त्या याचिकेच्या सुनावणीत ऑगस्ट २०२३मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी विचारले की, एक लाखाच्या दंडाचा वाहिन्यांवर काय परिणाम होणार? दंड कार्यक्रमातून झालेल्या कमाईच्या प्रमाणात हवा, असेही न्यायालयाने सुचवले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४मध्ये न्या. ए. के. सिक्री यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने ‘लव्ह जिहाद’वरील कार्यक्रमाबद्दल टाइम्स नाऊ नवभारतला दोषी धरले. दंड एक लाख रुपये, आणि इंटरनेटवरचा व्हिडिओ काढून टाकण्याचा आदेश.