दुबळा माल, टिकाऊ भिंत

जुनी भिंत दुरुस्त करायची तर दगडांच्या सांध्यात भरायचा माल त्या दगडापेक्षा दुबळा असावा लागतो. घरमालकाला हे पटवताना गवंड्याच्या नाकी नऊ येतात. पैसे मोजून कमजोर वस्तू कोण घेईल?

बेळगावच्या शहापुरात जुने वाडे आणि देवळं दुरुस्त करणाऱ्या एका कुटुंबाच्या धंद्याला यंदा पन्नास वर्षं पुरी झाली. पूजा झाली, पेढे वाटले, सत्कारही झाला. पण या धंद्यात पन्नाशीला जी किंमत आहे ती वेगळ्याच कारणाने. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुकीच्या मालाने भरल्या तरी पहिली काही वर्षं भिंत झकास दिसते. पोपडे सुटायला लागतात ते नंतर. बाहेरचा ठेकेदार तोवर कुठल्या कुठे गेलेला असतो. घरच्या धंद्यात मात्र बापाने भरलेल्या दरजा मुलाला खरवडाव्या लागतात. थोरले मेस्त्री सांगतात, "मालक म्हणतात, पक्कं करा की. पक्कं केलं की दगड जातोय बघा."

दगड जातो म्हणजे काय होतं, ते या भागात कुठेही दिसेल. सिमेंटने दरजा भरलेली एखादी जांभ्याची भिंत जवळून पाहा. सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधला दगड बोटभर आत खचलेला. हात फिरवला की तांबडी भुकटी तळव्याला लागते आणि कडेला पांढुरका लोणा, म्हणजे क्षारांचा थर.

या पडझडीमागचं कारण पाण्यात आहे. जांभा सच्छिद्र असतो. समईच्या वातीत तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी त्याच्या बारीक छिद्रांतून वर चढतं आणि येताना विरघळलेले क्षार घेऊन येतं. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक छिद्रात वाढले की आतून दाब येतो आणि दगडाचे कण सुटतात. सांधा चुन्याचा असेल तर तो दगडाइतकाच, बहुधा त्याहून जास्त सच्छिद्र असतो. ओल त्यातूनच बाहेर पडते, क्षारही त्यातच साचतात, आणि भुगा होतो तो चुन्याचा. तो खरवडून नवा भरता येतो. सिमेंटचा सांधा ओल अडवतो, मग तिला दगडातूनच वाट काढावी लागते. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचेही विरघळणारे क्षार असतात, तेही दगडात उतरतात.

दुसरी गोष्ट ताकदीची. साध्या चुन्याचा माल चौरस मिलिमीटरला साधारण १ ते २ न्यूटन दाब सोसतो, सिमेंटचा नेहमीचा माल त्याच्या कित्येक पट. ऐकायला हे सिमेंटच्या बाजूचं वाटतं. पण जुन्या इमारतींचा पाया खोल नसतो. ऊन-पावसाने त्या थोड्या हलतच असतात. चुना ती हालचाल सांध्यात जिरवतो. त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना पुन्हा त्याच भेगांत बसून त्या बुजवतो. ताठर सिमेंटमध्ये ही सोय नाही, म्हणून तडा दगडाला जातो.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ अस्पडिन या गवंड्याला पोर्टलँड सिमेंटचं पेटंट मिळालं ते २१ ऑक्टोबर १८२४ रोजी. दोनच दिवसांनी, २३ ऑक्टोबरला, इकडे कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. अस्पडिनचं सिमेंट आजच्याइतकं कडक नव्हतं, आणि आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागलं ते १९१४ मध्ये. त्याआधीचं इथलं बहुतेक बांधकाम चुन्यातलं नाहीतर मातीतलं.  

चुन्याचं रसायन मात्र पाहण्यासारखं. १०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो रटरटा उकळतो आणि विरतो. असा विरलेला चुना वाळूत मळून भिंतीत भरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भिंतीत निघतो तो नवा दगडच. फक्त घाई चालत नाही: कडकपणा बाहेरून आत सरकतो, आणि खोली दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. फेनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा थेंब टाकला की मधला कच्चा चुना गडद गुलाबी होतो, बाहेरचा पिकलेला रंगहीन राहतो.

विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली तर गणित बदलतं. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी थेट संयोग पावतात, त्यामुळे माल ओलीतही घट्ट होतो. कौलं आणि कुंभारकामासाठी नावाजलेल्या बेळगावजवळच्या खानापूरला भाजलेल्या मातीची वाण कधी नव्हती. गुळाचं पाणी घालण्याची रीतही खुळचट नाही: साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, माल मऊ राहतो, थापी नीट चालते. बेलफळ, हिरडा, उडीद घालण्याच्याही रीती आहेत. त्यातल्या सगळ्याच सारख्या गुणाच्या असतील असं मला वाटत नाही.

आता पावसाचं. चुन्याची छिद्रं पाण्याने तुडुंब भरली तर कार्बन डायऑक्साइड आत शिरत नाही, आणि पार कोरडी पडली तर तो विरघळायला पाणीच उरत नाही. चुन्याला अर्धवट ओल लागते. म्हणून बेळगावच्या झडीत हे काम होत नाही आणि एप्रिलच्या उन्हात केलं तर भिंतीवर ओली गोणपाटं टांगावी लागतात. दिवाळी ते शिमगा हा हंगाम बरा.

कामाआधी जुन्या सांध्याचा खडा काढून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात. चुना फसफसून विरघळतो, तळाशी वाळू राहते. ती धुऊन, वाळवून, चाळून वजन केली की चुना किती आणि वाळू किती, कण जाड की बारीक, हे कळतं. गाळात तांबूस भुकटी दिसली तर सुरखी होती असा अंदाज बांधतात. नवा माल त्याच प्रमाणात मळतात, आणि शंका असली तर चुना किंचित दुबळाच ठेवतात.