मध्यम बांध्याचा धूर

सिगार ओढणाऱ्या जाणत्या माणसाकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. तो धूर छातीत घेत नाही. गालांत भरतो, क्षणभर घोळवतो आणि सोडून देतो. तरीही एखादा नवखा तासाभरानं खुर्चीतून उठतो तेव्हा त्याचं डोकं गरगरतं, कपाळावर घाम येतो, मळमळतं. धूर फुफ्फुसांत गेलाच नाही, तर निकोटीन शिरलं कुठून? आणि मुरलेली मंडळी ज्या अक्रोडाच्या, कोकोच्या, सुक्या गवताच्या चवीचं वर्णन करतात ती तरी आली कुठून? विडीला तेंदूचं पान लागतं, सिगारेटला कागद. उत्तम हातवळणीच्या सिगारला आत-बाहेर फक्त तंबाखूचीच पानं असतात, वरची टोपी चिकटवायला लागणारा चिमूटभर वनस्पतिज डिंक सोडला तर.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं रसायनशास्त्रात आहेत, आणि त्यातल्या पहिल्याचं उत्तर आपल्या घराघरांतल्या चंचीत पिढ्यान्‌पिढ्या पडून होतं. त्याकडे येतोच.

आधी सिगार हातात घेऊ. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सँतियागो शहराभोवती सिबाओ नावाचं खोरं आहे. तिथली पानं वापरून वळलेल्या सिगारी मध्यम बांध्याच्या म्हणून ओळखल्या जातात. इंग्रजी बोलणारे ज्याला 'बॉडी' म्हणतात त्याला मी बांधा म्हणतो. धूर तोंडात किती भरीव, किती दाट लागतो, त्याचं हे माप. ताकद ही निराळी बाब, ती निकोटीनची. पातळ पण तिखट ताक आणि घट्ट पण सौम्य बासुंदी यांत जो फरक, तोच इथे. दोन्हींची गल्लत दुकानांतही सर्रास होते.

बांधा आणि ताकद ठरायला सुरुवात होते शेतात. तंबाखू वांगी, टोमॅटो, मिरची यांच्याच कुळातला. निकोटीन हे त्याचं किड्यांविरुद्धचं विष. ते दिसतं पानांत, पण तयार होतं मुळांत. तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचं कलम केलं तर टोमॅटोच्या पानांत निकोटीन उतरतं, आणि टोमॅटोच्या मुळावर तंबाखू बांधला तर त्याची पानं जवळजवळ निकोटीनविना वाढतात. फुलोरा येताच शेतकरी शेंडा खुडतो. मग झाडाचा सगळा जोर पानांकडे वळतो, मुळं आणखी निकोटीन बनवतात आणि ते वरच्या पानांत साठत जातं.

म्हणूनच एकाच झाडाची पानं तीन स्वभावांची निघतात. तळाची वोलादो: पातळ, चवीला फिकी, पण छान पेटणारी. मधली सेको: सुवासाची. वरची, सगळ्यांत जास्त ऊन खाल्लेली लिहेरो: जाड, तेलकट, कडक, सावकाश जळणारी. स्पॅनिशमध्ये 'लिहेरो' म्हणजे हलका, आणि हे पान तर तिघांत सगळ्यांत जड. मध्यम बांध्याची सिगार म्हणजे या तिघांचं जमलेलं प्रमाण: सेकोला मोठा वाटा, लिहेरो बेतानं आणि तेही बरोबर मध्यभागी, म्हणजे आग एका बाजूनं पळत नाही. सिबाओत 'ओलोर दोमिनिकानो' नावाची जुनी जात आहे. ओलोर म्हणजे वास. तिच्या जोडीला क्युबाच्या बियाण्यातून आलेली, अंगानं भरलेली 'पिलोतो कुबानो'. वरच्या वेष्टणाचं पान बहुतेकदा इक्वेडोरहून येतं. तिथल्या ढगाळ हवेत ऊन गाळून मिळतं, त्यामुळे पान पातळ, लवचीक आणि बारीक शिरांचं होतं.

शेतातून पान येतं तेव्हा ते हिरवं असतं आणि त्याला सिगारचा वास अजिबात नसतो. ते हवेशीर लाकडी कोठारात दांड्यांवर टांगतात आणि सावलीत दीड-दोन महिने सुकू देतात. या काळाचे पहिले बरेच दिवस पान जिवंतच असतं. श्वास घेत राहतं, साठवलेल्या पिष्टाची साखर करतं आणि ती साखर स्वतःच खाऊन टाकतं. हिरवं हरितद्रव्य मोडतं, खालचा पिवळा रंग उघडा पडतो, मग तपकिरी. घाईनं तापवून सुकवलं तर पान हिरवंच राहतं. अशीही एक सिगार बनते, कांदेला नावाची, आणि तिची चव ग्रीन टीच्या अंगानं जाते. त्या चहातही पत्तीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, उष्णतेनं थांबवलेलीच असतात.

'पान स्वतःची साखर खातं' हे लक्षात ठेवा.

यानंतरचा टप्पा मला या साऱ्या प्रवासात सर्वांत विलक्षण वाटतो. सुकलेली पानं किंचित ओलावून त्यांची माणसाच्या छातीइतकी उंच रास रचतात. तिला पिलोन म्हणतात. बाहेरून आग नाही, भट्टी नाही, तरी रास आतून तापू लागते. ज्यानं ओल्या गवताची गंजी तापताना पाहिली आहे किंवा आंब्याच्या आढीत हात घातला आहे, त्याला ही ऊब सांगावी लागणार नाही. जिवाणू आणि पानातली विकरं कामाला लागलेली असतात. राशीत खुपसलेली उष्णतामापी ४०-५० अंश सेल्सिअस दाखवू लागली की कामगार सगळी रास मोडतात, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत करून पुन्हा रचतात. हे आठवडे, महिने चालतं. कोठारात अमोनियाचा झणका असतो, न झाडलेल्या गोठ्यासारखा. पानातली प्रथिनं मोडून तो निघून जात असतो, बरोबर थोडं निकोटीनही. अमोनिया पुरता गेला नाही तर सिगार घशात टोचते, मग पान कितीही उंची असो.

जाणाऱ्या वासांच्या जागी नवे वास येतात. गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचे लांब रेणू इथे तुटतात आणि त्यांचे तुकडे हवेत उडण्याइतके हलके होतात. त्यातला एक तुकडा डॅमॅसेनोन. गुलाबाच्या अत्तराला गुलाबपण देणाऱ्यांत तो आहे. दुसरा आयोनोन, व्हायोलेटच्या फुलांचा. पुढे सिगार पेटल्यावर उष्णतेनं पायराझिन तयार होतात, तेच जे भाजलेल्या शेंगदाण्याला आणि कॉफीला वास देतात. पानातल्या काष्ठद्रव्याच्या जळण्यातून ग्वायकॉल येतं, धुरकट आणि किंचित मसालेदार, शिवाय थोडं व्हॅनिलिन. 'सिगारमध्ये कॉफी लागते' असं कोणी म्हणालं तर ती कविकल्पना नसते. कॉफीतलाच रेणू तिथे खरोखर असतो.

याच राशीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती लपवून सिगारच्या सुवासावर लिहिणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. तंबाखूच्या पानात नायट्रेट असतं. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि ते निकोटीन व त्याच्या भावंडांशी जुळून नायट्रोसामाइन बनतात. त्यातली एनएनएन आणि एनएनके ही दोन द्रव्यं माणसात कर्करोग घडवतात, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं निःसंदिग्धपणे नोंदवलं आहे. ज्या मुरवणीतून गुलाबाचा रेणू येतो, तिच्यातूनच हेही येतात. धूर छातीत न घेतल्यानं फुफ्फुसांचा धोका सिगारेटपेक्षा कमी होतो, पण तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांना तो भिडतोच. काही मोठ्या सिगारींत तर सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू भरलेला असतो.

आता चंचीकडे. माझे आजोबा तळहातावर तंबाखू घेत, अंगठ्याच्या नखावर चुना, आणि मळत बसत. लहानपणी मला वाटे, चुना चवीसाठी असेल. पुढे रसायनशास्त्र शिकताना उलगडा झाला. निकोटीनच्या रेणूची दोन रूपं असतात. आम्लात त्याला हायड्रोजनचा भारित कण चिकटतो आणि रेणूवर विद्युतभार येतो. असा भारलेला रेणू तोंडाच्या त्वचेतलं स्निग्ध आवरण ओलांडू शकत नाही. अल्कलीत तो कण गळून पडतो, रेणू मोकळा होतो आणि सरळ आत शिरतो. सामू, म्हणजे पीएच, हे आम्ल-अल्कलीचं माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली. सामू ८ असताना निम्मे रेणू मोकळे असतात. ६ असताना शंभरात जेमतेम एक. चुना सामू वर ढकलतो. म्हणून चुन्याविना तंबाखू 'लागत' नाही, हे आजोबांच्या पिढीला सामू हा शब्द माहीत नसतानाही ठाऊक होतं.

सिगारच्या धुरात चुना आधीच घातलेला असतो असं समजा. आंध्र-कर्नाटकातला व्हर्जिनिया तंबाखू, जो सिगारेटला जातो, तो बंद खोलीत उष्णतेनं झटपट सुकवतात. पान साखर खाण्याआधीच मरतं. साखर शिल्लक राहते आणि जळताना आम्ल देते. धूर आम्लधर्मी निघाला की निकोटीन गालांतून जात नाही, म्हणून सिगारेटवाल्याला तो छातीत ओढावा लागतो. सिगारच्या पानानं आपली साखर कोठारातच संपवलेली असते. वर मुरवणीनंतर मागे राहिलेला थोडा अमोनिया. तिचा धूर हळूहळू अल्कलीकडे झुकत जातो, आणि निकोटीन गालांच्या आतल्या अस्तरातून थेट रक्तात.

चवीचं उत्तर नाकात आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. सर्दीत आमटी बेचव लागते ती त्यामुळेच. तिचा वास घशामागून नाकात चढायचा रस्ता बंद झालेला असतो. सिगारचे जाणकार हाच रस्ता मुद्दाम वापरतात: तोंडातला थोडासा धूर गिळल्यासारखं करून नाकावाटे सोडतात. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात आणि आता कुठे त्यांची गाठ त्या गुलाब-शेंगदाण्याच्या रेणूंशी पडते. बरोबरच नाकात मिरपूड उडाल्यासारखं चुणचुणतं. तो वास नव्हे, तो चेहऱ्याच्या त्रिशाख मज्जातंतूचा निरोप असतो. मिरचीचा जाळ आणि कांद्याची झोंब त्याच वाटेनं कळते. कडक सिगारमध्ये ही चुणचुण इतकी चढते की सुवास तिच्याखाली दबतात. फार हलकीत ती नसते आणि सगळं सपाट लागतं. मध्यम बांध्याला पट्टीचे लोक मान देतात तो मला म्हणूनच पटतो: तिथे मिरीही कळते आणि मिरीमागचा अक्रोडही.

ते कळायला आग मंद हवी. मिनिटाला साधारण एक झुरका. भराभर ओढलं की निखारा तापतो, नाजूक रेणू जळून जातात आणि कडवटपणा उरतो. पान फार सुकं असलं तरी तेच होतं, म्हणून सिगारी ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवतात. मुंबईच्या पावसाळ्यात त्या उघड्यावर फुगतात आणि बुरशी धरतात. विदर्भाच्या मे महिन्यात वेष्टणं तडकतात. त्यांच्या पेटीला लावतात ते 'स्पॅनिश सीडर' नावाचं लाकूड ना स्पेनचं, ना देवदाराच्या जातीचं. ते झाड कडुनिंबाच्या कुळातलं आहे. पेटी थंडही हवी. २४-२५ अंशांपुढे पानातली किड्यांची अंडी उबतात आणि वेष्टणाला सुईनं टोचल्यासारखी भोकं पडतात. हा तोच तपकिरी भुंगेरा, जो आपल्याकडे साठवलेली हळकुंडं पोखरतो.

एकच सिगार सुरुवातीला सौम्य आणि शेवटी दांडगी का होते, हेही आता सांगता येतं. आग पुढे सरकते तसे धुरातले जड घटक न जळलेल्या पानांत थिजून साचत जातात आणि पुढच्या झुरक्यांत पुन्हा उडतात. त्याच वेळी धुराचा सामू चढतो. पहिल्या झुरक्यांना तो ६.५ च्या आसपास असतो, शेवटी ८.५ पर्यंत जातो. म्हणजे आरंभी शंभरातले तीनेक निकोटीन रेणू मोकळे, आणि शेवटी पंचाहत्तर. पाच इंची सिगार अखेरच्या दीड इंचावर आली की मध्यम बांध्याचा धूरही जिभेवर चटके देऊ लागतो, अक्रोड आणि गवत मावळतात, लाळ सुटते. जाणता माणूस तिथे थांबतो. थोटूक चिरडत नाही, कारण चिरडलं की खोलीभर आंबूस वास सुटतो. रक्षापात्राच्या खाचेत ते आडवं ठेवून देतो. झुरक्याची हवा मिळेनाशी झाली की निखारा आपसूक राखेखाली जातो, आणि काही मिनिटांत विझतो.