मादी माशांचे प्रजनन चक्र व हॉर्मोने

अस्थिमत्स्यांच्या मादीत अंडी तयार होणे, पिकणे व पडणे या अवस्थांचे नियमन मेंदू, त्याच्या खालची पोष ग्रंथी (पिट्यूटरी), अंडाशय व यकृत यांच्या परस्परसंबंधातून होते. पुढील वर्णन मुख्यतः रोहू, कटला व मृगळ या कार्प माशांना लागू आहे.

दिवस मोठा होऊन पाणी तापू लागले की मेंदूतील जीएनआरएच या हॉर्मोनामुळे पोष ग्रंथी जागी होते. तिच्यात जननग्रंथिपोषक हॉर्मोन एकच असते की दोन, हा वाद बराच काळ चालला. 1988 मध्ये चम सामन या माशातून दोन वेगळी हॉर्मोने (आज एफएसएच व एलएच म्हणून ओळखली जाणारी) मिळाल्यावर दुसरे मत रूढ झाले. त्यांपैकी एफएसएचच्या प्रभावाने अंडपुटके (अंड्याभोवतीची पेशींची आवरणे) एस्ट्रॅडिऑल हे हॉर्मोन तयार करतात. ते रक्तातून यकृताकडे जाते. यकृतात पीतकाचे (अंड्यातील बलकाचे) पूर्वद्रव्य (व्हिटेलोजेनिन) बनते आणि अंडी ते शोषून फुगतात. जेवणातली गाबोळी म्हणजे बहुतांशी हेच साठवलेले पीतक.

अंड्यांच्या अंतिम पक्वतेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. दिल्ली विद्यापीठातील सुंदरराज व गोस्वामी यांनी शिंगी माशावरील प्रयोगांवरून असे मांडले, की एलएच आंतरवृक्क ऊतकाला (माशांच्या वृक्कातील अधिवृक्कसदृश पेशींना) चेतवते आणि तेथील कॉर्टिकोस्टेरॉइडे अंडी पिकवतात. 1985 मध्ये नागाहामा व आदाची यांनी अमागो सामनच्या अंडपुटकांतूनच 17α,20β-डायहायड्रॉक्सी-4-प्रेग्नेन-3-ओन (डीएचपी) हे अंडी पिकवणारे स्टेरॉइड वेगळे केले. पुटकाचा बाहेरचा थर त्याचे पूर्वद्रव्य पुरवतो आणि आतला थर त्याचे रूपांतर करतो. घोळ-ढोम्याच्या कुलातील अटलांटिक क्रोकरमध्ये हेच काम 20β-एस हे निराळे स्टेरॉइड करते. त्यामुळे एकच रेणू सर्व माशांना लावता येत नाही. तरी पुराव्याचा कल अंडाशयाकडे आहे. कॉर्टिकोस्टेरॉइडांची भूमिका साहाय्यक मानणे सयुक्तिक वाटते. पक्वता प्रत्यक्ष पाहता येते: अंडी पारदर्शक करणाऱ्या द्रावणात टाकल्यावर मधोमध असलेले केंद्रक कडेला सरकलेले दिसते.

कार्प माशांच्या चक्राची खरी अडचण येथेच आहे. साचलेल्या तळ्यात रोहूची मादी पीतक भरेपर्यंत पोहोचते, पण एलएचची उसळी येत नाही. मेंदूतील डोपामीन हे रसायन एलएचचा स्राव रोखून धरते. पुराचे वाहते पाणी मिळाले की ही अटक सुटते. कोकणात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे ओहोळांतून वर चढतात ते याच सुमारास. गाबोळीने भरलेल्या या माद्या नेमक्या तेव्हाच धरल्या जातात, ही चिंतेची बाब होय.

10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व अलिकुन्ही यांनी पोष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले. हल्ली सामनच्या जीएनआरएचसदृश पदार्थाला डोपामीनरोधक डॉम्पेरिडोनची जोड देतात. मत्स्यबीज केंद्रांतील जिरे व बोटुकली (माशांची लहानमोठी पिले) या टोचणीवर अवलंबून असतात.

अंडी पडतेवेळी प्रोस्टाग्लँडिने ही हॉर्मोनांसारखी द्रव्ये वाढतात. पाऊस लांबला व अंडी पडली नाहीत, तर पीतक पुन्हा शोषले जाते आणि अंडाशय आकसतो.