जड वस्तू बुडते, हलकी तरंगते? नाही!

‘जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं.’ पिढ्यान्‌पिढ्या वर्गात घोकलं गेलेलं हे वाक्य चुकीचं आहे आणि ते पहिली-दुसरीतच मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं, याचं मला फार वाईट वाटतं. कोकणातल्या मुलांना तर ते खोटं ठरवायला घरामागची विहीर पुरे.

असोला, म्हणजे न सोललेला नारळ घ्या, चांगला दीड किलोचा. विहिरीत टाका. धपकन आत जातो आणि लगेच वर येऊन डोलत राहतो. आता जांभ्या दगडाचा बोराएवढा खडा टाका. तो थेट तळाला! जड कोण होतं?

प्रश्न एकट्या वजनाचा नाहीच. तेवढ्याच जागेत मावणाऱ्या पाण्यापेक्षा वस्तू जड की हलकी, हे बघायचं. एक घन सेंटीमीटर पाणी 1 ग्रॅम भरतं, तेवढंच लोखंड जवळपास 7.9 ग्रॅम. नारळाच्या सोडणात, म्हणजे बाहेरच्या काथ्याच्या आवरणात, हवा भरलेली असते, म्हणून तो आकाराच्या मानाने हलका.

मग लोखंडी ट्रॉलर, मासेमारीची ती मोठी बोट, कसा तरंगतो? हा प्रश्न मुलं विचारणारच, विचारू द्या. बादलीत स्टीलची वाटी अलगद सोडा: तरंगते. तीच तिरकी करून पाणी आत घ्या: बुडते. वजन, धातू सगळं तेच. फक्त आतल्या हवेची जागा पाण्याने घेतली. एवढं पाहिल्यावर मुलं स्वतःच बोटीला भोक पडलं तर काय होईल ते सांगतात.