रीसेट आणि नॉर्मलाइझ एकच नव्हे

पणजी-म्हापशाकडे वेब डिझाइन शिकणाऱ्या मुलांना अजूनही सांगतात, की सीएसएस रीसेट (ब्राउझर वेबपानाला आपणहून देतो ती शैली बदलणारी तयार फाइल) कुठलंही घ्या, सगळी सारखीच. हे खरं नाही. एरिक मेयर यांचं २००७ चं रीसेट ब्राउझरची मूळ शैली पुसून टाकतं: शीर्षकं साध्या मजकुराएवढी होतात, याद्यांचे ठिपके जातात. नॉर्मलाइझ ही दुसरी तयार फाइल मात्र उपयोगी शैली राखून ब्राउझरांमधले फरक तेवढे मिटवते.

जत्रेच्या कार्यक्रमांची ठिपक्यांची यादी रीसेटखाली टाकून बघा. ठिपके गेले की सफारी ब्राउझरमध्ये व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ॲपलची सोय, बहुतेकदा तिला यादी म्हणून सांगतच नाही. ऐकून वाचणाऱ्यांवर हा अन्यायच. मेयर यांच्या रीसेटच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची चौकटही (कीबोर्डने ज्या दुव्यावर किंवा बटणावर आलो त्याभोवतीची रेघ) काढलेली होती. ती स्वतः ठरवा, अशी सूचना शेजारीच होती, पण कोड कॉपी करताना ती मागे राहिली आणि कीबोर्ड वापरणाऱ्यांना आपण पानावर कुठे आहोत ते कळेनासं झालं. मजकूर भरपूर असेल तिथे माझ्या मते नॉर्मलाइझच घ्यावं.